ठिपके मोजण्याआधी मान पाहावी

चवळीच्या शेंड्यावर मावा खाणाऱ्या एका ढालकिड्याच्या (लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या) छायाचित्रासोबत त्याचे नाव ‘कॉक्सिनेला ट्रान्सव्हर्सालिस’ असे दिले आहे, परंतु ते छायाचित्र मोठे करून पाहिल्यावर मला तो ‘कायलोमेनेस सेक्समॅक्युलाटा’ वाटतो. पंखांवरील नागमोडी काळ्या पट्ट्या दोन्ही जातींत फसव्या सारख्या दिसतात. म्हणून डोक्यामागील अग्रवक्षाची पाठ, म्हणजे डोके आणि पंख यांमधला मानेसारखा भाग, आधी पाहावी. ट्रान्सव्हर्सालिसमध्ये ती काळी असून फक्त पुढच्या दोन कोपऱ्यांत फिकट डाग असतात, तर येथे ती पिवळसर आहे आणि मागच्या कडेचा काळा पट्टा मध्यभागी पुढे सरकलेला स्पष्ट दिसतो.

जुन्या कृषी पुस्तकांत हाच कीटक ‘मेनोचायलस सेक्समॅक्युलाटस’ या नावाने भेटतो, त्यामुळे या दोन वेगळ्या जाती समजू नयेत. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस यांनी 1781 मध्ये त्याचे वर्णन ‘कॉक्सिनेला’ या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे जीनसमध्ये) केले होते. प्रजाती पुढे बदलल्यामुळे आता कीटकाच्या शास्त्रीय नावापुढे फॅब्रिसियस यांचे नाव कंसात लिहितात. ट्रान्सव्हर्सालिसचे वर्णनही त्यांचेच आणि त्याच वर्षीचे, पण ती जाती मूळ प्रजातीतच राहिल्याने तेथे कंस नाही. (हा कंस अनेक जण सजावट समजून गाळतात!) कुल (फॅमिली) मात्र दोन्ही जातींचे एकच, कॉक्सिनेलिडी.

वांग्याची पाने खरवडणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेराही याच कुलातला असला, तरी त्याच्या अंगावर बारीक लव असते आणि त्यामुळे तो निस्तेज दिसतो. आपल्या छायाचित्रातील कीटकाची पाठ गुळगुळीत व चकचकीत आहे, म्हणजे तो पाने खरवडणारा नसून मावा खाणारा आहे, तेव्हा त्यावर फवारणी करू नये.