अनुभव धागा: काँक्रीटवर मोठ्या पोर्सेलिन टाइल्स स्वतः बसवताना

कोलंबस, ओहायो

इथे अमेरिकेत टाइल्सच्या किमतीपेक्षा त्या बसवण्याची मजुरी बरेचदा जास्त पडते, म्हणून अनेक जण हे काम स्वतःच्या अंगावर घेतात. आम्हीही घेतलं. तळघराच्या काँक्रीटवर २४ बाय ४८ इंची पोर्सेलिन टाइल्स मी आणि नवऱ्याने मिळून बसवल्या. काम मनासारखं झालं, आणि ते कशामुळे झालं हे लिहून ठेवावंसं वाटलं. ज्यांनी अशा टाइल्स स्वतः बसवल्या असतील, किंवा मिस्त्रीसोबत उभं राहून जवळून पाहिलं असेल, त्यांनी आपले अनुभव जरूर लिहा. सुरुवात मी करते.

आमची बहुतेक मेहनत टाइलला हात लावायच्या आधीच झाली. लहान टाइल्सचे सांधे जवळजवळ असतात, त्यामुळे जमिनीचा थोडा चढउतार त्यांत जिरून जातो. चार फुटी टाइल जमिनीशी अजिबात जुळवून घेत नाही. खड्डा असेल तर ती त्यावर पुलासारखी पडते आणि खाली पोकळी राहते. टाइलची एक जरी बाजू १५ इंचांहून मोठी असेल, तर इथल्या मानकानुसार जमिनीत १० फुटांत १/८ इंच आणि २ फुटांत १/१६ इंच एवढाच फरक चालतो. १० फुटी अॅल्युमिनियमची पट्टी सगळ्या दिशांनी फिरवून आम्ही उंचवट्यांवर आणि खड्ड्यांवर वेगवेगळ्या रंगाच्या खडूने खुणा केल्या. जमीन सपाट हवी, पाणसळीत असलीच पाहिजे असं नाही. आमच्याकडे ड्रेनच्या बाजूला किंचित ढाळ होता, तो आम्ही तसाच राहू दिला.

खड्डे सेल्फ-लेव्हलिंग सिमेंटने, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या पातळ सिमेंटने भरले. त्याआधी प्रायमर लावायलाच हवा, नाहीतर कोरडं काँक्रीट त्यातलं पाणी ओढून घेतं. मिसळल्यावर जेमतेम १५-२० मिनिटं हातात असतात, त्यामुळे एकाने सलग मिसळत राहायचं आणि दुसऱ्याने ओतायचं. हे एकट्याने करू नका.

जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट. गालिचा काढल्यावर आम्हाला ९ इंची चौकोनी जुन्या टाइल्स आणि त्यांच्याखाली काळा डिंक दिसला. १९८० च्या आधीच्या अमेरिकन घरांत या दोन्हींत अॅस्बेस्टस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू, असू शकतं. खरवडू नका, घासू नका, आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा. आमच्या नमुन्यात ते निघालं. परवाना असलेल्या लोकांकडून आम्ही ते काढून घेतलं आणि मगच पुढे गेलो. खर्च झाला, पण घरात मुलं आहेत, तिथे दुसरा विचार करायचाच नव्हता.

ह्यूस्टन, टेक्सास

आमच्याकडे तळघरं जवळपास नसतातच. घर थेट जमिनीवरच्या स्लॅबवर, आणि खालची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून स्लॅबला बारीक भेगा असणं इथे नेहमीचं. केसाएवढ्या आणि दोन्ही कडा एकाच पातळीत असलेल्या भेगेवर क्रॅक आयसोलेशन मेम्ब्रेन (भेगेची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा लवचीक थर) लावून आम्ही पुढे गेलो. एक कड दुसरीपेक्षा वर आली असेल, तर मात्र टाइलचा विचार बाजूला ठेवून आधी पाया तपासून घ्यावा. त्यावर कुठलंही मेम्ब्रेन पुरणार नाही.

स्लॅबमध्ये मुद्दाम कापलेले सांधे असतील तर ते टाइलखाली गाडू नयेत. त्याच रेषेवर टाइलचाही सांधा आणायचा आणि तिथे ग्राऊटऐवजी (सांधे भरायच्या नेहमीच्या मालाऐवजी) त्याच रंगाचं लवचीक सिलिकॉन भरायचं. आम्ही सगळी आखणी त्या एका रेषेपासून सुरू केली, त्यामुळे डोळ्याला काहीच खटकत नाही.

आणखी एक: इथल्या बऱ्याच स्लॅबमध्ये मजबुतीसाठी ताणून बसवलेल्या पोलादी तारा असतात. बांधकामाचे कागद पाहिल्याशिवाय स्लॅबमध्ये खोल छेद किंवा भोक घेऊ नका.

ठाणे

मी साइट इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. स्वतःच्या हाताने फक्त मुलीच्या घरातली एक खोली केली आहे, पण दुसऱ्यांची कामं आयुष्यभर पाहिली. कोलंबसच्या ताईंनी जमिनीबद्दल लिहिलं ते अगदी बरोबर. मी टाइलच्या पाठीबद्दल लिहितो.

शहाबादी, कोटा, मोझॅक या फरश्या पाणी पितात. सिमेंटचा घोळ त्यांच्या छिद्रांत शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. पोर्सेलिन, म्हणजे आपल्या दुकानांतलं व्हिट्रिफाइड, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी घेत नाही. त्याच्या पाठीत घोळ शिरायला जागाच नाही. तरीही आजसुद्धा कित्येक ठिकाणी मालावर घोळ ओतून दोन बाय चारच्या टाइल्स ठोकल्या जातात, आणि काही वर्षांत त्या बद्द वाजायला लागतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण लोकांनी त्यात कष्टाचा पैसा घातलेला असतो.

पॉलिमर असलेलं अॅडहेसिव्हच वापरा. आपल्याकडे त्यासाठी आयएस १५४७७ हे मानक आहे आणि त्यात पाच प्रकार आहेत. पोतं घेताना प्रकार वाचून घ्या. व्हिट्रिफाइडला किमान टाइप २ आणि मोठ्या मापाला टाइप ३, असं मी सगळ्यांना सांगतो. टाइलच्या पाठीवर भट्टीतली पांढरी भुकटी राहिलेली असते. ती ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर अॅडहेसिव्ह टाइलला न धरता भुकटीला धरतं.

चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक असे गोळे ठेवून टाइल दाबायची पद्धत जमिनीवर कधीही चालू देऊ नका. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि कपाटाचा पाय नेमका तिथे आला की टाइल फुटते. दातेरी थापीने सरळ, एकाच दिशेच्या रेघा ओढा. त्या टाइलच्या आखूड बाजूला समांतर असल्या की हवेला बाहेर पडायला जवळची वाट मिळते. टाइलच्या पाठीलाही पातळ थर चोपडा. मग टाइल रेघांना आडवी थोडी मागेपुढे सरकवा, म्हणजे रेघा कोलमडून मधल्या चऱ्या भरतात. गोल फिरवलेल्या थापीने हवा आत कोंडते. मधूनमधून एखादी ताजी टाइल उचलून पाठ बघा. घरात कोरड्या जागी किमान ८० टक्के, न्हाणीघरात आणि बाहेर ९५ टक्के पाठ भरलेली हवी. कोपरे तर भरलेलेच हवेत.

पुणे

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एका थंडीत पहाटे मोठा आवाज झाला. पाहिलं तर हॉलमधल्या टाइल्सची एक ओळ एकमेकींना रेटत मधोमध वर उचलली गेली होती. काढून पाहिल्यावर ठाण्याच्या काकांनी लिहिलंय तेच दिसलं. पाठी स्वच्छ, कोऱ्या, सिमेंटचा डागसुद्धा नाही. शिवाय टाइल टाइलला भिडवून बसवलेली, आणि भिंतीपाशी स्कर्टिंगच्या खाली बोटभरही मोकळी जागा नाही. इमारतीचं काँक्रीट वर्षानुवर्षं किंचित आकसत राहतं, टाइल आकसत नाही, उलट उन्हाने थोडी वाढते. जागा नसेल तर ती वरच जाणार.

हॉल मी आणि माझ्या मेहुण्याने पुन्हा केला. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये एक अडचण असते, जी परदेशातल्यांना येत नसावी. जुना मालाचा थर ४०-५० मिमी जाड असतो. तो फोडला की तेवढी उंची परत भरावी लागते, कारण अॅडहेसिव्ह काही मिलिमीटरचंच असतं. आम्ही आधी कोबा करून घेतला, त्याला पाणी मारून पुरता मुरू दिला आणि मग टाइल्सकडे वळलो. राडारोडा खाली नेण्याची सोय आणि सोसायटीची परवानगी या दोन गोष्टी आधी बघा.

३ मिमीचे स्पेसर (दोन टाइल्समध्ये सारखी फट ठेवणारे छोटे तुकडे) वापरले. ‘सांधा दिसेल, बिनसांध्याचं छान दिसतं’ असं दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे म्हणाले. ऐकू नका. जुळत्या रंगाचं ग्राऊट भरलं की सांधा नजरेत येत नाही. भिंतीच्या कडेने ८ मिमी फट ठेवली, ती स्कर्टिंगखाली झाकली गेली आणि तिच्यात माल पडू दिला नाही.

श्टुटगार्टजवळ, जर्मनी

आमच्या नव्या घरात जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या आहेत आणि त्यावर सिमेंटचा थर. इथे थर किती वाळला हे अंदाजाने ठरवत नाहीत. थरातला तुकडा काढून कार्बाइडच्या बाटलीत ओलावा मोजतात. सिमेंटच्या थराला साधारण २ टक्के आणि खाली हीटिंग असेल तर १.८ टक्के ही मर्यादा. त्याआधी हीटिंग टप्प्याटप्प्याने वाढवून आणि उतरवून थर एकदा तापवून घ्यावा लागतो, म्हणजे ज्या भेगा पडायच्या त्या टाइल्सच्या आधीच पडतात. कंटाळवाणा काळ असतो, पण त्यात घाई करू नका. भिंतीच्या कडेची फोमची पट्टी टाइल्स आणि ग्राऊट झाल्यावरच कापा. आधी कापली तर फटीत माल भरतो आणि पुण्याच्या हॉलसारखी गत होते.

लवचीक, एस१ दर्जाचं अॅडहेसिव्ह घेतलं. मिसळून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं आणि पुन्हा ढवळायचं. घट्ट वाटलं तरी वरून पाणी घालायचं नाही.

नाशिक

मी लवकरच सुरू करणार आहे. विटांसारखी निम्म्यावर सरकवलेली मांडणी मोठ्या टाइल्सना चालेल का? आणि एकट्याने उचलता येतील का?

कोलंबस, ओहायो

नाशिककर, निम्म्यावर सरकवू नका. लांब टाइल भट्टीतून येतानाच मधोमध किंचित फुगीर असते. निम्म्यावर सरकवली की एकीचा उंच मध्य शेजारच्या दोघींच्या खाली गेलेल्या टोकांना लागतो आणि पायाला कड जाणवते. एक तृतीयांशापेक्षा जास्त सरकवायचं नाही, किंवा सरळ जुळत्या सांध्यांत लावा. आम्ही सरळच लावल्या. क्लिप आणि पाचरांची लेव्हलिंग सिस्टीम वापरली. तिने कडा एका रेषेत धरल्या जातात, पण वाकडी जमीन तिने सरळ होत नाही.

एकट्याने नको. ९ मिमी जाडीची दोन बाय चार फुटी टाइल १५ किलोच्या आसपास भरते. वजन उचलता येतं, पण कोपरा न टेकवता अलगद खाली ठेवणं एकट्याला जमत नाही. व्हॅक्यूमचे हँडल घ्या आणि सोबत माणूस घ्या.

गुहागर

माहेरच्या घराची पडवी मी आणि दादाने केली. जुना कोबा, खाली प्लास्टिक नाही, त्यामुळे जमिनीतून ओल वर येते. मे महिन्यात प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवला तर खालून कोरडा. जुलैत तेच केलं तर घामेजलेला. कोकणात ही परीक्षा पावसाळ्यातच घ्या. आम्ही कोब्यावर ओल अडवणारा इपॉक्सीचा थर देऊन मग टाइल्स घेतल्या.

पडवीला चकचकीत टाइल घेऊच नका, आई-बाबांच्या वयाची माणसं ओल्या पायाने येतात-जातात. खरखरीत मॅट घेतली आणि अंगणाकडे ढाळ दिला. ऊन थेट येतं म्हणून दर दहा फुटांवर सिलिकॉनचा सांधा सोडला आहे.

ह्यूस्टन, टेक्सास

कापण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. सरळ काप रुळावरच्या कटरने होतात. दाराच्या चौकटीपाशी आतला कोपरा कापायचा असेल, तर आधी त्या कोपऱ्यावर डायमंड बिटने भोक पाडा आणि दोन्ही काप भोकापर्यंतच आणा. काप भोकाच्या पुढे गेला की तिथूनच तडा सुरू होतो. ग्राइंडरने कापताना पाणी वापरा आणि चांगला मास्क लावा. पोर्सेलिनच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसांत कायमची बसते. माझ्या मुलाला मदत करायची होती, त्याला मी कापाकापी चालू असेपर्यंत आत येऊ दिलं नाही. स्पेसर लावायचं काम त्याने नंतर मनापासून केलं.