ॲल्युमिनियम बफिंगच्या मेणकट धुळीसाठी ओला धूळसंकलक: निवड कशी करावी?

प्रश्न: बफिंग_विभाग

नमस्कार. आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांचे ग्राइंडिंग आणि बफिंग होते. ग्राइंडिंगची धूळ कोरडी असते; बफिंगच्या धुळीत मात्र धातूच्या कणांबरोबर पॉलिशच्या कांडीतले मेण आणि बफच्या कापडाचे तंतू मिसळलेले असतात, त्यामुळे ती हाताला चिकटते. सध्या दोन्हींसाठी एकच बॅग फिल्टर, म्हणजे हवा कापडी पिशव्यांतून गाळणारा संकलक, आहे. पिशव्यांवर हा मेणकट थर इतका घट्ट बसतो की हवेच्या झटक्यांनी तो सुटत नाही. नव्या पिशव्या बसवल्यावर काही आठवड्यांतच हूडपाशी (यंत्रावरच्या, धूळ ओढून घेणाऱ्या तोंडापाशी) ओढ कमी होते आणि धूळ कामगारांच्या तोंडासमोर तरंगत राहते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, अलीकडे सफाई करताना हॉपरच्या (पिशव्यांखाली धूळ साठणाऱ्या नरसाळ्याच्या) तळाशी धुमसणारा गोळा सापडला. तो वेळेत विझवता आला, परंतु तेव्हापासून या यंत्राशेजारी माणसे उभी करण्याचे धाडस मला होत नाही.

म्हणून ओल्या पद्धतीचा, म्हणजे धूळ पाण्यात पकडणारा, संकलक घेण्याचे ठरत आहे. हवेचे प्रमाण ताशी १०,००० घनमीटर आहे. एका पुरवठादाराने १,००० मिलिमीटर वॉटर कॉलम दाबघट (संकलकातून जाताना हवेचा कमी होणारा दाब, पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला) असलेला व्हेंचुरी स्क्रबर, म्हणजे अरुंद गळ्यातून वेगाने नेलेल्या हवेतली धूळ पाण्याच्या थेंबांनी पकडणारा संकलक, सुचवला आहे, तर दुसऱ्याने पाण्याच्या टाकीतून हवा वेगाने वळवून तिच्याच जोराने फवारा तयार करणारा, सुमारे २०० मिलिमीटर दाबघटीचा संकलक सुचवला आहे. यांतला कोणता घ्यावा? पाणी आणि ॲल्युमिनियम एकत्र ठेवणे कितपत सुरक्षित आहे? लोखंडी भागांचे दोन ग्राइंडरही याच डक्टला (धूळ वाहून नेणाऱ्या हवेच्या नळीला) जोडावेत, असा विचार चालू आहे.

उत्तर: धूळ_आणि_आग

आपल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सर्व निर्णय चुकले तरी दुरुस्त करता येतील, हा मात्र नाही. लोखंडाचे ग्राइंडर ॲल्युमिनियमच्या डक्टला जोडू नका. लोखंडाच्या ग्राइंडिंगमधून तापलेल्या ठिणग्या निघतात, आणि त्या ठिणग्यांना ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेटवण्याचे पूर्ण सामर्थ्य असते. शिवाय लोखंडाचा गंज आणि ॲल्युमिनियमची पूड यांचे मिश्रण पेटले तर थर्माइटची अभिक्रिया होते. तिला हवेतला ऑक्सिजन लागत नाही आणि तिच्या उष्णतेत लोखंड वितळते. त्या दोन यंत्रांना स्वतंत्र डक्ट आणि स्वतंत्र संकलक द्या.

आता पाण्याविषयी. ॲल्युमिनियमच्या कणावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून साध्या पाण्यात तो सावकाश अभिक्रिया करतो. परंतु सावकाश म्हणजे शून्य नव्हे. या अभिक्रियेत हायड्रोजन तयार होतो. एक किलो ॲल्युमिनियमची अभिक्रिया पूर्ण झाली तर सुमारे १.३ घनमीटर हायड्रोजन मिळतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण पेटू शकते. म्हणजे एका किलोमधून निघालेला वायू ३० घनमीटरपेक्षा जास्त जागा धोक्याची करू शकतो. ब्लोअर चालू असताना तो वाहून जातो. धोका असतो तो रात्री किंवा सुटीच्या दिवशी, यंत्र बंद असताना आणि तळाशी गाळ असताना. त्यामुळे संकलकाच्या सर्वांत उंच बिंदूपासून बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत जाणारा, कोणत्याही झडपेने बंद न होणारा मार्ग हवाच. सकाळी ग्राइंडर सुरू होण्यापूर्वी ब्लोअर काही मिनिटे एकटा चालला पाहिजे, आणि हे काम टायमरवर सोपवावे, कामगाराच्या स्मरणशक्तीवर नव्हे.

भरपूर पाणी हे संरक्षण आहे. थोडे पाणी हे संकट आहे. हा फरक फार जणांच्या लक्षात येत नाही. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधील कुन्शान येथे मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात जो स्फोट झाला, त्यात १४६ माणसे गेली. तिथला संकलक कोरड्या पद्धतीचा होता. धूळ साठवण्याचे गंजलेले पिंप फुटले होते, आतली पूड दमट झाली आणि ऑक्सिडेशनच्या उष्णतेने तापत गेली, असे तपासात नोंदवले गेले. दमट ढिगाऱ्यात निर्माण झालेली उष्णता वाहून न्यायला पुरेसे पाणी नसते, म्हणून तो आतल्या आत तापत राहतो. आपल्या हॉपरमधला गोळा नेमका कशाने धुमसला हे इथे बसून सांगता येणार नाही, तरी हवेच्या झटक्यांसाठी वापरलेल्या संकुचित हवेत ओलावा होता का, हे अवश्य तपासा.

ओला संकलक बसवला तरी हूडपासून संकलकापर्यंतच्या डक्टमध्ये धूळ कोरडीच असते. म्हणून संकलक यंत्रांच्या शक्य तितक्या जवळ ठेवा, डक्ट विजेची वाहक आणि अर्थिंग केलेली असू द्या, हवेचा वेग सेकंदाला २० मीटरच्या वर राखा आणि प्रत्येक वळणापाशी सफाईची झाकणे मागून घ्या. मेणकट धूळ वेग पुरेसा असतानाही वळणावर बसतेच. ब्लोअर संकलकाच्या पुढे, स्वच्छ हवेच्या बाजूलाच असावा. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ४८४ क्रमांकाच्या मानकातील दहनशील धातूंविषयीचे नियम आता एनएफपीए ६६० या एकत्रित मानकात आले आहेत. पुरवठादाराने त्यांतला कोणता नियम कसा पाळला आहे, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे.

उत्तर: स्क्रबर_आरेखन

व्हेंचुरी की दुसरा, याचे उत्तर कणांच्या आकारात आहे, आणि आपल्या प्रश्नात नेमका तोच आकडा नाही. व्हेंचुरीच्या गळ्यात हवेला प्रचंड वेग दिला जातो, त्यामुळे एक मायक्रॉनपेक्षा लहान कणही पाण्याच्या थेंबांवर आदळून अडकतात. त्या वेगाची किंमत विजेत मोजावी लागते. ताशी १०,००० घनमीटर हवा, १,००० मिलिमीटर दाबघट आणि ब्लोअरची ६० टक्के कार्यक्षमता धरली, तर केवळ स्क्रबरसाठी सुमारे ४५ किलोवॉट लागतात. २०० मिलिमीटरला तेच गणित ९ किलोवॉटवर येते. धातू वितळवताना निघणाऱ्या धुरासाठी मी ही वीज निःसंकोच खर्च करीन. ग्राइंडिंग आणि बफिंगमध्ये मात्र वजनाने बहुतेक धूळ काही मायक्रॉन किंवा त्याहून मोठी असते, आणि तिच्यासाठी दुसऱ्या प्रकारचा संकलक सहसा पुरतो. तरीही हूडपाशी नमुना घेऊन कणांच्या आकाराची चाचणी करून घ्या, आणि पुरवठादाराकडून नुसते '९९ टक्के' नव्हे, तर कोणत्या आकाराच्या कणांसाठी किती टक्के, हे मागा.

व्हेंचुरीतही चांगली बाजू आहे: त्याचा गळा सतत धुतला जातो आणि चिकट धुळीला बसायला जागा मिळत नाही. टाकीच्या प्रकारातही बारीक छिद्रांचे नोझल नसतात, ही त्याची मोठी सोय आहे. टाळायचेच असतील तर भरावाचे मनोरे, म्हणजे आत छोटे तुकडे भरून त्यांवरून पाणी सोडणारे उंच संकलक, टाळा. ते वायू शोषून घेण्यासाठी उत्तम, पण मेण आणि तंतू त्यांत गेले की भराव उपसून काढावा लागतो. हाच न्याय थेंब अडवणाऱ्या भागाला लागू होतो. तारेच्या जाळीचा भाग घेऊ नका, नागमोडी पत्र्यांचा घ्या, आणि तो धुण्यासाठी फवाऱ्याची सोय ठेवा.

खरेदीपूर्वी एक साधी चाचणी करावी. आपली बफिंगची धूळ चमचाभर घेऊन उघड्या काचेच्या भांड्यात पाण्यात ढवळा. मेण लागलेले कण भिजत नाहीत, वर तरंगतात. तसे झाले तर पाण्यात ओलावा धरवणारे द्रव्य घालावे लागेल, त्याने फेस होईल, आणि वरची साय काढण्याची वेगळी व्यवस्था लागेल. भांडे झाकण न लावता, ज्योतीपासून दूर, रात्रभर तसेच ठेवा आणि सकाळी तळातून बुडबुडे येतात का ते पाहा. या चाचणीने प्रयोगशाळेचे काम होत नाही, पण पुरवठादाराला काय विचारायचे ते कळते.

उत्तर: देखभाल_पाळी

मी असा संकलक चालवतो, म्हणून माहितीपत्रकात न सापडणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

पहिली म्हणजे, कोरडी हवा जिथे प्रथम पाण्याला भेटते त्या कडेवर चिखलाची कड वाढत जाते. ती आतून कोरडी आणि वरून ओली असते, आणि एखाद्या दिवशी तुटून पडते. प्रवेशाच्या भिंतीवरून पाण्याचा पडदा अखंड वाहील अशी रचना मागून घ्या, आणि तिथे हात जाईल एवढे झाकणही असू द्या.

दुसरी गोष्ट आम्ही अनुभवातून शिकलो. पाण्याची पातळी कमी झाली की ग्राइंडर बंद पडावेत, असा इंटरलॉक आमच्याकडे होता, परंतु तरंगत्या गोळ्याच्या दांड्यावर मेण साचले आणि गोळा वरच अडकून राहिला. पाणी बाष्पीभवनाने खाली गेले होते आणि पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला होता. त्या दिवशी काही पेटले नाही, याचे श्रेय आमच्या व्यवस्थेला देता येत नाही. आता पातळीच्या संकेताबरोबर संकलकावरील दाबफरकाचा संकेतही जोडला आहे; दोघांपैकी एकही बिघडला तर ग्राइंडर थांबतात, ब्लोअर मात्र चालू राहतो.

गाळ आम्ही रोज काढतो. तो पाण्याखाली राहील अशा डब्यात ठेवावा, डब्याचे झाकण वायू निघेल असे सैल असावे, आणि डबा छपराखालच्या बंद खोलीत नव्हे तर मोकळ्या हवेत असावा. घट्ट बंद केलेला डबा फुगतो. वाळलेला गाळ पुन्हा पेटाऊ पूडच असतो.

बफिंग_विभाग

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. लोखंडी ग्राइंडर वेगळे ठेवण्याचे आजच कळवले आहे आणि धुळीचे नमुने चाचणीसाठी पाठवत आहे. एक शंका उरली: टाकीतले मेण सुटावे म्हणून पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा घालण्याचा सल्ला एका पुरवठादाराने दिला आहे. तो योग्य आहे का?

धूळ_आणि_आग

अजिबात नाही. वर ज्या ऑक्साइडच्या पापुद्र्याविषयी लिहिले, तो कॉस्टिकमध्ये विरघळतो आणि उघडे पडलेले ॲल्युमिनियम झपाट्याने हायड्रोजन सोडू लागते. द्रावण गरमही होते. पाण्याचा सामू (पीएच) उदासीन पातळीजवळ ठेवा आणि तो नियमित मोजा. मेणासाठी ॲल्युमिनियमला चालणारे, अल्कली नसलेले द्रव्य घ्या आणि तेही त्या काचेच्या भांड्यातल्या चाचणीत आधी आपल्याच धुळीवर पाहा. टाकी रिकामी करून धुण्यासाठी जे रसायन सफाई करणारे आणतील, त्याच्या डब्यावरचा घटकांचा कागदही आपण स्वतः वाचावा, कारण तीव्र अल्कलीचे सफाईद्रव बहुधा याच मार्गाने टाकीत शिरते.