मदत हवी आहे: जेड शॅडोजनंतर वॉरफ्रेममध्ये परत आलोय, जुन्या सोमा प्राइमवर फॉर्मा घालू की नवीन बंदूक धरू?

रातपाळी_ओलीत:

राजेहो, जरा लांबलचक लिहितोय, पण पूर्ण वाचून मगच सांगा. माझ्याकडे फॉर्मा (बंदुकीत ताकद वाढवणारे सुटे भाग, म्हणजे मॉड, जास्त बसावेत म्हणून वापरायची वस्तू) मोजकेच आहेत अन् खेळायला वेळही मोजकाच.

वरुडकडच्या एका गावात राहतो. वॉरफ्रेम हा ऑनलाइन बंदुकीचा खेळ पुष्कळ वर्षं खेळलो, अगदी फोर्टुना अपडेट यायच्याही आधीपासून. मग संत्र्याचा नवीन बगीचा लावला. बोअर, ठिबक, मजुरांच्या मागं फिरणं, यात खेळ सुटला. सोडला तेव्हा ड्युविरी पॅराडॉक्स अपडेट नुकतंच आलं होतं, म्हणजे एप्रिल २०२३. आता आंबिया बहाराचा माल गेला, गहू-हरभऱ्याचं ओलीत तेवढं सुरू आहे, म्हणून परत लॉगिन केलं.

स्टील पाथवर (खेळाची कठीण पातळी) ग्रिनियर टोळीच्या मिशनला गेलो, तर माझ्या सोमा प्राइम बंदुकीवर पूर्वीचे माराचे आकडेच दिसेनात. बिल्ड, म्हणजे मॉडची जुळणी, तीच आहे जी तेव्हा सगळेच लावायचे: कोल्ड आणि टॉक्सिन हे माराचे प्रकार मिळून व्हायरल, सोबत हंटर म्युनिशन्स हे मॉड, म्हणजे क्रिटिकल (जादा जोराचा मार) बसला की ३० टक्के वेळा स्लॅशचा रक्तस्राव. तेव्हा कारण सरळ होतं. वरच्या लेव्हलला हेवी गनर आणि बॉम्बार्ड या ग्रिनियर शत्रूंचं चिलखत इतकं वाढायचं की साध्या गोळीचा काही उपयोग नसे. रक्तस्राव चिलखताला जुमानत नाही, आणि व्हायरल त्या रक्तस्रावाला कित्येक पट करतो. त्यामुळं हातात बंदूक कोणतीही असो, आत मॉड हेच.

मग मधल्या अपडेट वाचून काढल्या. मोठा बदल १८ जून २०२४ च्या जेड शॅडोजमध्ये झालेला दिसतो. मला समजलं ते असं. पूर्वी फेराइट चिलखत, अलॉय चिलखत, क्लोन्ड फ्लेश असे वेगवेगळे थर होते आणि प्रत्येक थराचं वेगळं पाठांतर. आता हिशोब शत्रूच्या टोळीवर आहे. ग्रिनियरला इम्पॅक्ट आणि कोरोसिव्ह जास्त लागतं, कॉर्पसला पंक्चर आणि मॅग्नेटिक, इन्फेस्टेडला स्लॅश आणि हीट. शिवाय शत्रूच्या चिलखताला २७०० ची कमाल मर्यादा घातली, म्हणजे जास्तीत जास्त ९० टक्के मार अडतो, त्याच्या वर नाही.

हा बदल मला मनापासून आवडला. लेव्हल वाढली की चिलखत आभाळाला भिडायचं आणि अर्ध्या बंदुका पेटीत पडून राहायच्या, हे मला तेव्हाही खटकायचं. खेळ बनवणाऱ्या डिजिटल एक्स्ट्रीम्सनं २०१३ पासून चाललेल्या खेळाचा पायाच उकरून नीट बसवला. इतक्या जुन्या खेळाला असं करायला हिंमत लागते, कारण लोकांनी वर्षानुवर्षं कमावलेल्या बिल्डला धक्का बसतो.

पण आता माझ्यापुढचा प्रश्न. फॉर्मा घातला की बंदुकीची रँक शून्यावर येते, ती पुन्हा ३० वर न्यायची म्हणजे रात्री जातात. आमच्याकडं शेतीच्या पंपाची थ्री फेज लाईन कधी दिवसा तर कधी रात्री, पाळीनं असते. रात्रीची पाळी आली की पाणी धरायला जावं लागतं, खेळणं बंद. गावातली लाईन तर कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळं वाटेल तसं प्रयोग करत बसणं मला परवडत नाही.

तर सांगा: सोमा प्राइम ठेवायची का? ठेवली तर व्हायरल काढून कोरोसिव्ह करू का? आणि प्रत्येक टोळीला वेगळी बंदूक लागते असं कुठंतरी वाचलं, ते खरं आहे का? असेल तर माझ्यासारख्यानं करायचं काय?

आणखी एक. जेड शॅडोजची क्वेस्ट (कथेचं मिशन) अजून केली नाही. स्टॉकर हे पात्र त्यात आहे एवढंच माहीत आहे. कृपा करून पुढचं काही सांगू नका.

—

दर्यापूरचा_ऱ्हायनो:

भाऊ, सोमा मोडीत काढू नोको. मायाकडं बी तेच हाये अन् मी स्टील पाथवर चालवून रायलो. बंदूक कमजोर नाही झाली, समोरच्याचं गणित बदललं. क्लोन्ड फ्लेशवर व्हायरलले जे जास्तीचे ७५ टक्के भेटत होते ना, थे गेले. म्हणून तुले आकडा लहान दिसते. आकडे पाहू नोको, मराले किती वेळ लागते थे पाय.

—

वणीची_व्होल्ट:

दादा, वरचे भाऊ बरोबर सांगत आहेत. त्यात थोडी भर घालते, कारण तुमचा प्रश्न खरं तर फॉर्मा वाचवण्याचा आहे आणि तो वाचू शकतो.

प्रत्येक टोळीला वेगळी बंदूक लागत नाही. वेगळी कॉन्फिग (साठवून ठेवलेली मॉडची मांडणी) लागते. एकाच सोमावर ए, बी, सी अशा तीन कॉन्फिग फुकट मिळतात, हे बरेच जुने खेळाडू वापरतच नाहीत, कारण पूर्वी एकच बिल्ड सगळीकडं चालायची. आता फक्त तीन मॉड समोर ठेवा: कोल्ड, टॉक्सिन, इलेक्ट्रिक. टॉक्सिन आणि इलेक्ट्रिक जोडलं की कोरोसिव्ह. कोल्ड आणि इलेक्ट्रिक जोडलं की मॅग्नेटिक. कोल्ड आणि टॉक्सिन म्हणजे तुमचं जुनं व्हायरल. तीन मॉडमधून तिन्ही जोड्या निघतात. ए ग्रिनियरला, बी कॉर्पसला, आणि सी व्हॉइड भागातल्या करप्टेड टोळीला, कारण त्यांना व्हायरल आजही जास्त लागतं. तुमची सध्याची बिल्ड जशीच्या तशी सी वर ठेवा, तिला हात लावू नका.

ए मध्ये आठव्या जागेवर हीट टाका, पण क्रम सांभाळा. मॉड डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली या क्रमानं जुळतात. टॉक्सिनच्या लगेच मागं हीट आलं तर गॅस तयार होईल आणि सगळं बिघडेल. आधी टॉक्सिन, मग इलेक्ट्रिक, हीट सगळ्यात शेवटी. मग कोरोसिव्ह वेगळं राहतं आणि हीट वेगळी राहते.

हीट कशासाठी तेही सांगते. कोरोसिव्हचे दहा थर बसले, म्हणजे त्याचा परिणाम दहादा साचला, की चिलखत ८० टक्के उतरतं. २७०० असेल तर ५४० उरतं. हीटनं उरलेलं निम्मं होतं, म्हणजे २७०. पूर्वी चिलखताला मर्यादाच नव्हती, त्यामुळं ८० टक्के उतरवूनही डोंगर शिल्लक राहायचा आणि लोक कोरोसिव्हला नावं ठेवायचे. मर्यादा आल्यावर तेच कोरोसिव्ह कामाचं झालं. माझ्या मते त्या अपडेटमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

एक्झिमस (जास्त ताकदवान) शत्रूंवर निळसर-पांढरा ओव्हरगार्ड, म्हणजे जादा कवच, दिसतो तो २०२२ पासून आहे, तुम्हाला माहीत असेल. मॅग्नेटिकचा परिणाम आता त्या ओव्हरगार्डवरही होतो. म्हणून बी कॉन्फिग कॉर्पसपुरती समजू नका, जिथं एक्झिमस जास्त तिथं ती लावून बघा.

फॉर्मा आता घालूच नका. आधी तिन्ही कॉन्फिगमध्ये मॉड बसतात का ते पाहा. क्षमता थोडी कमी पडली तर एखादं मॉड एक-दोन रँक कमी ठेवा. आणि सिमुलॅक्रम (बंदुकीची चाचणी घ्यायची जागा) उघडलं नसेल तर उघडा. रिलेवर (खेळाडू जमतात ते ठाणं) सेफलॉन सिमारिस या पात्राकडं ५०,००० स्टँडिंगला (त्याच्याकडं जमवायचे गुण) मिळतं. स्कॅन करून जमवायला वेळ लागतो खरा, पण तिथं हेवी गनर उभे करून पाहिजे तितकी चाचणी करता येते आणि लाईन गेली तरी काही जात नाही. तुमच्यासारख्यासाठी तर ते आधी घ्यायलाच पाहिजे.

—

रातपाळी_ओलीत:

ताई, तीन मॉडमधून तीन जोड्या, हे इतकं सोपं कोणीच सांगितलं नव्हतं. सिमुलॅक्रम माझ्याकडं जुनंच आहे. आत्ता ए कॉन्फिग तुम्ही सांगितलेल्या क्रमानं लावून हेवी गनरवर मारून पाहिलं. चिलखताची पिवळी पट्टी उतरताना दिसते आणि त्यानंतर साधी गोळीही लागते! ही मजा जुन्या बिल्डमध्ये नव्हती, तेव्हा फक्त रक्तस्रावाची वाट पाहायची.

ए मध्ये हंटर म्युनिशन्स ठेवू की काढू? चिलखतच उतरत असेल तर रक्तस्राव कशाला, असं वाटून राहिलं.

आणि दुसरी अडचण आहे. शनिवारी चुलतभाऊ अमरावतीवरून लॅपटॉप घेऊन येतो, त्याला नवीन सुरू करून द्यायचं आहे. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटशिवाय काही नाही, गच्चीवर ठेवला तर रेंज बरी येते. पूर्ण गेम त्यावर उतरवणं शक्य नाही, आणि दोघांनी एका नेटवर खेळलं की मागं एकदा फार त्रास झाला होता.

—

घाटंजी_टेनो:

नेटचं मी सांगतो, माझ्या गावातही तीच गत आहे.

गेम उतरवायची गरजच नाही. तुमच्या मशीनवर लाँचरनं अपडेट पूर्ण करून घ्या, मग वॉरफ्रेमचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन भावाच्या लॅपटॉपवर टाका. तिकडं लाँचर लावून व्हेरिफाय चालवा, जे कमी-जास्त असेल तेवढंच उतरेल. त्याला अमरावतीत चांगलं नेट असेल तर उलटं करा, तो तिकडून भरून आणेल.

दोन मशीन एका नेटवर असल्या तर खेळातल्या नेटवर्कच्या सेटिंगमध्ये यूडीपी पोर्ट (नेटवरून ये-जा करायच्या वाटांचे नंबर) बघा. मूळची जोडी ४९५० आणि ४९५५ असते. दोन्ही मशीनवर तीच राहिली तर भांडण होतं. एका मशीनवर दुसरी जोडी निवडा. मोबाइल डेटावर मात्र राउटरसारखं पोर्ट उघडून देता येत नाही, त्यामुळं अनोळखी पथकात तुमच्याकडं होस्ट आला की बाकीच्यांना लॅग होईल. या खेळात मिशन एखाद्या खेळाडूच्याच मशीनवर चालतं, हे लक्षात घ्या. मॅचमेकिंगमध्ये पिंगची (नेटला लागणाऱ्या उशिराची) मर्यादा कमी ठेवा.

आणि लाईनचा भरवसा नसेल तर लांबलचक सर्व्हायव्हलपेक्षा कॅप्चर, एक्सटर्मिनेट अशी छोटी मिशन घ्या. एकट्यानं खेळताना सोलो ठेवलं तर पॉझही करता येतं, मोटर बंद-चालू करायला उठावं लागलं तर बरं पडतं.

भावाला सुरुवातीपासून सांगून ठेवा, की दुकानातल्या बंदुकांवर प्लॅटिनम (खेळातलं चलन) घालू नको. सुरुवातीला जे मिळतं ते बंदुका आणि फ्रेम (खेळायची पात्रं) ठेवायच्या जागांसाठी लागतं. ऱ्हायनो ही फ्रेम पाहिजे असेल तर शुक्रावर जॅकल हा मोठा शत्रू मारला की भाग मिळतात, फुकट.

—

दर्यापूरचा_ऱ्हायनो:

ऱ्हायनोच दे त्याले. पयल्या फ्रेमले त्याच्याहून चांगलं काही नाही.

—

वणीची_व्होल्ट:

हंटर म्युनिशन्सचं: सध्या राहू द्या. कोरोसिव्हचे दहा थर बसेपर्यंत जो वेळ जातो त्यात रक्तस्राव काम करतो. सोमा भराभर गोळ्या मारते, थरही लवकर बसतात, त्यामुळं कदाचित तुम्हाला त्याची गरज वाटणार नाही. मग तिथं ६० टक्के इलेमेंट आणि ६० टक्के स्टेटस (थर बसायची शक्यता) देणारं एखादं मॉड टाकून त्याच हेवी गनरवर परत मारून बघा. जे लवकर मारेल ते ठेवा. मी स्वतः काढलं आहे.

क्वेस्ट एकट्यानं, हेडफोन लावून करा. ती झाली की युरेनसवर ब्रूटस या ठिकाणी असेन्शन नावाचं मिशन आहे, जेड फ्रेमचे भाग तिथं मिळतात. मिशन छोटंच असतं, तुमच्या पाळीत बसेल.

—

रातपाळी_ओलीत:

बरं झालं विचारलं. पोर्टचं तर मला सुचलंच नसतं. भावाला आत्ताच फोन करून सांगतो की येताना हार्ड डिस्क रिकामी करून आण.

आज रात्रीची पाळी आहे. उद्या बी कॉन्फिग लावून कॉर्पसवर बघतो. त्यात एकच शंका राहिली: मॅग्नेटिकसोबत आठव्या जागेवर टॉक्सिन एकटं ठेवलं तर चालेल का? टॉक्सिन शील्ड ओलांडून आत लागतं ना?

—

वणीची_व्होल्ट:

चालेल, आणि कारणही तेच. फक्त टॉक्सिन सगळ्यात शेवटी ठेवा, नाहीतर कोल्ड त्याच्याशी जुळून व्हायरल होईल.