एक फूट उडणारा सुपरहिरो कमी पैशांत कसा दाखवायचा?

सव्वापाच_फूट:
२० मिनिटांची विनोदी शॉर्टफिल्म करतोय. नायक ५ फूट २ इंच, पण लग्नाच्या बायोडेटात उंची ५ फूट ६. एके दिवशी तो जमिनीपासून एक फूट वर तरंगायला लागतो. त्याहून वर जाता येत नाही. बजेट ६० हजार, शूटिंग फोनवर, एडिट दाविंची रिझॉल्व्हच्या फ्री व्हर्जनमध्ये. ग्रीन स्क्रीन लागेल का? ड्रेस कशाचा शिवावा? शिवाय स्क्रिप्ट ३१ पानांची झालीय आणि मधला भाग रेंगाळतोय.

ट्रायपॉड_तात्या:
एक फुटासाठी ग्रीन स्क्रीन कशाला? बहुतेक फोन व्हिडिओत रंगाची माहिती कमी साठवतात, त्यामुळे मागचा हिरवा पडदा काढून टाकताना केसांच्या कडा कापायला जीव जातो.

कमरेवरचे सगळे शॉट चाकांच्या सपाट ट्रॉलीवर घ्या. नट ताठ उभा, फ्रेमबाहेरून दोरीने ट्रॉली ओढायची. चालताना खांदे वरखाली होतात, इथे ते हलत नाहीत. निम्मा विनोद तिथेच.

पूर्ण अंगाचा शॉट: फोन ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस, एक्स्पोजर (उजेड), व्हाइट बॅलन्स (रंगछटा) तिन्ही लॉक. नट एक फुटी स्टुलावर उभा. शॉट झाला की लगेच नट आणि स्टूल बाजूला करून तीच रिकामी फ्रेम २० सेकंद घ्या. एडिटमध्ये रिकामी फ्रेम खाली, नटाची वर, आणि मास्क लावून, म्हणजे वरच्या फ्रेमचा तेवढाच भाग कापून, स्टूल पुसायचं. लेन्स स्टुलाच्या फळीच्या उंचीवर ठेवलीत तर बुटाचा तळ आणि फळी यांच्यात सरळ रेघ मिळते, मास्क पाच मिनिटांत होतो. लेन्स वर गेली की फळीवरची बुटाची सावली दिसते आणि ती काढणं कटकटीचं. स्टूल पावलापेक्षा अरुंद हवं, म्हणजे चवडे बाहेर येतात. ते खाली झुकवायला सांगा, नाहीतर माणूस अदृश्य पाटावर उभा वाटतो.

फसतं ते सावलीमुळे. कडक उन्हात स्टुलाची सावलीही पडते, म्हणून इमारतीच्या सावलीत शूट करा. मग जमिनीवर एक काळी लंबगोल सावली काढून ती भरपूर ब्लर करा. पाय आणि सावली यांच्यात फट दिसली की प्रेक्षक निमूट मान्य करतो. ढगाळ हवेत मात्र दोन फ्रेमचा उजेड जुळत नाही, रिकामी फ्रेम प्रत्येक शॉटनंतर घ्या.

ओव्हरलॉक:
चारही बाजूंनी ताणणारं लायक्रा घ्या. नाचाचे ड्रेस शिवणाऱ्याकडेच द्या, कारण साध्या सरळ टाक्याची शिवण पहिल्या उडीला उसवते. झिगझॅग किंवा ओव्हरलॉक हवं, सुई बॉलपॉइंट (गोलसर टोकाची), काखेत चौकोनी कळी. दोन जोड शिवा, घामाचे डाग क्लोजअपमध्ये दिसतात.

मुखवटा २ मिमी ईव्हीए फोमचा (रबरासारखी मऊ शीट). ५ मिमी डोळ्यांभोवती पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. काँटॅक्ट अ‍ॅडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून १०-१५ मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा. ओलं असताना जोडलं तर सुटतंच. खिडक्या उघड्या ठेवा. रंगाआधी सीलरचे थर द्या, नाहीतर रंगाला भेगा पडतात. डोळ्यांची भोकं भुवया दिसतील एवढी मोठी कापा, भुवया झाकल्या तर विनोदी नटाचं अर्धं भांडवल गेलं. छातीवर कुठल्याही प्रसिद्ध हिरोचं चिन्ह नको.

कॉलर माइक लायक्राखाली खरखरतो. तो मुखवट्याच्या कडेला बसवा.

पान_मिनिट:
एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, तेव्हा ११ पानं जाणारच. मधला भाग रेंगाळतो कारण नायक कधी तरंगतो याचा नियमच नाही. एकच ठेवा: स्वतःबद्दल फुशारकी मारली की वर, खरं बोलला की धप्पकन खाली. मग खलनायकाची गरज उरत नाही, कांदेपोह्यांचा कार्यक्रम पुरतो. मुलीकडच्यांनी उंची विचारली आणि हा सोफ्यावरून चार बोटं वर!

सुपरहिरो आणि नायकाची अंगयष्टी यांतला विरोध संवादात सांगू नका, दिसू द्या. मालेगावात नासिर शेख यांनी सुपरमॅनचं विडंबन केलं तेव्हा नायक यंत्रमाग कामगार आणि अंगाने काडीपैलवान होता. त्यावरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट २०१२ मध्ये थिएटरात आला, जरूर बघा.

ओव्हरलॉक:
खरं बोलला की खाली, हे शाळेच्या गॅदरिंगसारखं नाही का वाटत? दडपण आलं की वर, एवढंच ठेवलं तर शेवट आधी कळत नाही.

पान_मिनिट:
चालेल की. फक्त नियम पहिल्या तीन पानांत दिसू द्या आणि मग मोडू नका.

सव्वापाच_फूट:
दडपणवालाच घेतो. घरात, कॅमेऱ्यासमोर, कट न करता तो वर जाताना दाखवता येईल?

ट्रायपॉड_तात्या:
लोखंडी कपाटाच्या दाराला उभा आरसा असतो ना, तो वापरा. नटाचं अर्धं अंग आरशाच्या उभ्या कडेबाहेर, अर्धं आरशासमोर. बाहेरच्या, लपलेल्या पायावर वजन, समोरचा पाय गुडघ्यात न वाकवता बाजूला उचलायचा. प्रतिबिंबामुळे दोन्ही पाय उचललेले दिसतात. भांग मधोमध पाडा, घड्याळ काढा, छातीवरचं चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं हवं. कॅमेरा अंदाजे ४५ अंशात ठेवा, लपलेला पाय दिसायला लागला की थोडा सरकवा. आरशात ट्यूबलाइट लखलखत असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.