तातडीचं: 21 मेच्या आत शपथ मिळेल का?

मेधा, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,
आमच्या अथर्वला फोर्ट स्कायलरला (न्यूयॉर्कचं मर्चंट नेव्हीचं कॉलेज) डेक साइडला, म्हणजे जहाज चालवायच्या शाखेला, ॲडमिशन मिळाल्याचं पाडव्याला सांगितलंच होतं. पेढेही खाल्लेत तुम्ही. आता घोळ असा की ग्रीन कार्डावर कोस्ट गार्ड ऑफिसरचं लायसन्स देतच नाही. डिग्री मिळेल, पण थर्ड मेट (जहाजावरचा सगळ्यात ज्युनियर डेक ऑफिसर) व्हायचं तर सिटिझनच हवा. हे आम्हाला परवा कळलं! ह्यांचा एन-400 चा, म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचा, इंटरव्ह्यू 8 मेला आहे आणि अथर्व 21 मेला अठराचा होतोय. त्याआधी ह्यांची शपथ झाली तर तो आपोआप सिटिझन. डिपॉझिट 1 मेच्या आत भरायचंय. हल्ली त्याच दिवशी शपथ देतात का?

प्रसाद, सोमवार रात्री

आम्हाला दिली. सकाळी 9 ला इंटरव्ह्यू, दुपारी शपथ, बाहेर येऊन डोसा. मुलाच्या एन-600 च्या (नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटच्या अर्जाच्या) मागे लागू नका, थेट पासपोर्टचा अर्ज करा. तुमचं नागरिकत्वाचं सर्टिफिकेट, त्याचं ग्रीन कार्ड, जन्मदाखला. आमचा दाखला वाई नगरपालिकेचा, मराठीत. भाषांतर लागलं, ते आधीच करून ठेवा.

सुहास, मंगळवार सकाळी

प्रसादचं नशीब थोर. मला पाच आठवडे थांबावं लागलं. कारण फॉर्मवर नावबदल मागितला होता. नाव बदलायचं तर शपथ कोर्टात, जजसमोर. कोर्टाची तारीख पडेल तेव्हा. वहिनी, श्रीकांतने त्या रकान्यात काही लिहिलंय का?

मेधा, मंगळवार दुपारी

लिहिलंय हो!! ह्यांच्या पासपोर्टवर फर्स्ट नेममध्येच 'श्रीकांत वामन' एकत्र पडलंय. फार्मसीत 'श्रीकांतवामन' असा पुकारा होतो. वैतागून 'वामन' काढायला टिक केली.

नाना, मंगळवार दुपारी

म्हणजे वडिलांचं नाव गाळणार? वामनरावांना मी ओळखत होतो. ते इथे आले तेव्हा मंडळाचा पहिला सत्यनारायण त्यांनीच सांगितला. असो. तुमचा प्रश्न आहे.

कॅप्टनकाका, मंगळवार संध्याकाळी

मेधा, इतकी धावपळ कशाला? पोराकडे भारतीय पासपोर्ट आहे ना? नेरुळला कारावेला चाणक्य हे मर्चंट नेव्हीचं कॉलेज आहे. डीएनएस (नॉटिकल सायन्सचा डिप्लोमा) करायचं: एक वर्ष वर्गात, दीड वर्ष कॅडेट म्हणून जहाजावर, मग मुंबईला एमएमडीच्या, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या, ओरल्स. सेकंड मेट झाला की जगभरच्या जहाजांवर साइन ऑन करतो.

मी 1981 साली राजेंद्र या ट्रेनिंग शिपवर होतो. नंतर पहिल्या जहाजावर पहिले दोन महिने नुसतं चिपिंग. हातोडीने गंज ठोकायचा, ब्रशने घासायचा, लाल प्रायमर लावायचा, पुढच्या फूटभर पत्र्याकडे सरकायचं. रात्री बंकमध्ये पडलं तरी कानात ठकठक. चीफ मेट म्हणायचा, जहाज हाताने ओळखलं की मग चार्ट हातात देतो. हे कॉलेजात शिकवत नाहीत.

आणि नागरिकत्व राहू दे, आधी डोळे. रंगांधळेपणा तपासायची इशिहाराची ठिपक्यांची चित्रं वाचून घेतली का? समोरच्या जहाजाची डावी बाजू लाल, उजवी हिरवी. अंधारात त्या दोन दिव्यांवरूनच कळतं ते कुठे चाललंय. आमच्याबरोबरचा एक हुशार मुलगा मेडिकलला त्यातच अडकला. घरी कुणालाच माहीत नव्हतं. तो शाळेत आंब्याची पानं तपकिरी रंगवायचा म्हणे.

अनघा, मंगळवार रात्री

काका, आदर ठेवून सांगते. चाणक्य उत्तम, पण चाणक्य करून इथल्या जहाजावर ऑफिसर होता येत नाही, अडचण पुन्हा तीच. 1920 च्या जोन्स ॲक्टमुळे अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेणारं जहाज अमेरिकन बांधणीचं आणि अमेरिकन क्रूचंच लागतं. अथर्वला घराजवळ राहून तेच काम करायचंय, मला त्याने स्वतः सांगितलं. आमच्या लेकीने किंग्ज पॉइंट (केंद्र सरकारची मर्चंट मरीन अकॅडमी) बघितलं होतं. फी नाही, पण काँग्रेसमनचं नॉमिनेशन आणि नंतर पाच वर्षांची बांधिलकी. फोर्ट स्कायलर त्या मानाने सुटसुटीत. 2023 ला आलेलं नवं ट्रेनिंग शिप पुलाखाली उभं असतं, बघून या.

निखिल (युवा समिती), मंगळवार रात्री

करिअरविषयक चर्चा कृपया युवा समितीच्या लिस्टवर न्यावी. सप्टेंबरमध्ये मार्गदर्शन सत्र आहेच.

कॅप्टनकाका, मंगळवार रात्री

निखिल, तुझी समिती जन्माला यायच्या आधीपासून ते सत्र मी घेतोय. पोराचा वाढदिवस सप्टेंबरपर्यंत थांबणार आहे का?

सुहास, बुधवार सकाळी

मुद्द्यावर या. वहिनी, 8 मेला ऑफिसरसमोर बसल्या बसल्या श्रीकांतने सांगायचं: नावबदलाची विनंती मागे घेतो. मग त्याच दिवशी शपथेची आशा तरी राहते. 'वामन' नंतर काऊंटी कोर्टात सावकाश काढा. (नाना, किंवा काढू नका.)

आणि 21 मे हुकलाच तर आभाळ कोसळत नाही. ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली असतील तर अठरा झाल्यावर अथर्व स्वतःचा एन-400 भरेल. पहिलं वर्ष वर्गातच जातं, समुद्रावरची पहिली टर्म पुढच्या उन्हाळ्यात, लायसन्सची परीक्षा तर पार शेवटी. म्हणजे हातात वेळ आहे. तरी त्या कॉलेजला एक मेल टाकून लेखी उत्तर मिळवा, मगच पैसे भरा.

प्रसाद, बुधवार सकाळी

शपथ झाली की भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). शेतजमीन विकत घेता येणार नाही, वारसाने आलेली चालते. सहज सांगितलं.

मेधा, गुरुवार रात्री

सगळ्यांचे आभार. ग्रीन कार्डाला सहा वर्षं झालीत, कॉलेजचं उत्तरही आलं, चालेल म्हणतात. डिपॉझिट भरलं. ह्यांनी नावबदल मागे घ्यायचं कबूल केलंय, नानांचा फोन आल्यावर जरा जास्तच पटकन. अथर्वला काल डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, ठिपक्यांतले सगळे आकडे वाचले. ह्यांना मात्र दोन दिसले नाहीत!

श्रीखंडाची पातेली माझ्याकडेच आहेत, शनिवारी हॉलवर आणते.