फ्लीटवूड मॅक या रॉक बँडचा सगळ्यात भारी अल्बम कुठला? मला आता टस्क वाटायला लागलाय

रात्रीचा_रेडिओ:
लोकहो, गेले दोन आठवडे डोक्यात एकच विषय घोळतोय म्हणून टाकतोय. फ्लीटवूड मॅक म्हटलं की रूमर्स, हे माझ्यापुरतं कधीचंच ठरलेलं होतं, त्यात वाद घालण्यासारखं काही असेल हे मनातही आलं नव्हतं. अकरा गाणी, एकही गाळावंसं वाटत नाही, कुठूनही सुरू करा. पण मागच्या महिन्यात टस्क पहिल्यांदा पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकला, हेडफोन लावून, दिवे बंद करून, आणि दुसऱ्याच गाण्याला गडबडलो. सुरुवात ओव्हर अँड ओव्हरने होते, क्रिस्टीन मॅकव्हीचा तो संथ, भरलेला आवाज, वाटतं चला, आता तासभर असंच अलगद चालणार. आणि लगेच द लेज सुरू होतं! नुसतं धडाधडा, गिटार आहे की काय आहे कळत नाही, गिटारवाला लिंडसी बकिंगहॅम दातओठ खात काहीतरी पुटपुटतोय. मला वाटलं फाइलच खराब आहे, मी थांबवून परत लावलं.

त्यानंतर रोज ऐकतोय. आता असं झालंय की रूमर्स लावला की छान वाटतं, पण पुढच्या क्षणाला काय येणार ते आधीच माहीत असतं, आणि टस्क लावला की दर वेळी काहीतरी नवीन हाती लागतं. काल स्टॉर्म्समध्ये बँडची दुसरी गायिका स्टीव्ही निक्सच्या मागे जे हलके आवाज आहेत ना, ते पहिल्यांदा नीट ऐकू आले, आणि मी इतके दिवस ते गाणं स्किप करत होतो.

तर तुमच्या मते बेस्ट कुठला आणि का? खपाचे आकडे नका देऊ प्लीज. रूमर्सच्या चार कोटींवर कॉप्या गेल्या, अमेरिकेत ३१ आठवडे एक नंबरवर होता, ग्रॅमी मिळालं, सगळं माहितीये. ऐकताना तुम्हाला काय होतं ते सांगा.

बेसची_तार:
रूमर्स. आणि आकडे न देता सांगतो.

मी बेस वाजवतो त्यामुळे माझा कान आधी जॉन मॅकव्हीकडे जातो. रूमर्सवरचं द चेन घे. सुरुवातीला ड्रमर मिक फ्लीटवूडचा नुसता पाय, एकेक ठोका, वर ती खरखरीत गिटार, मग तिघांचे आवाज एकदम. तीन मिनिटांच्या आसपास सगळं विरतं आणि बेस एकटा उरतो. मोजकेच सूर आहेत रे, शिकायला बसलास तर अर्ध्या तासात बोटांत बसतात, पण त्याच्यासारखं वाजवायला मला दोन वर्षं लागली आणि अजूनही तसं वाजत नाही, कारण तो घाई करत नाही, मागून मिक हळूहळू चढतोय तरी हा आपला तिथेच पाय रोवून. ब्रिटनमध्ये बीबीसीने फॉर्म्युला वनच्या रेसिंगसाठी हाच तुकडा वापरला, तो उगाच नाही.

आणि गंमत बघ, हे गाणं सलग एका बैठकीत झालेलंच नाही. शेवटचा भाग आधी होता, सुरुवात नंतर बनली, टेप ब्लेडने कापून तुकडे जोडलेत. त्या अल्बमवर पाचही जणांचं नाव असलेलं हे एकच गाणं. १९७६ सालातली परिस्थिती आठव, कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या स्टुडिओत जॉन आणि क्रिस्टीनचं लग्न मोडलेलं, लिंडसी-स्टीव्हीचं फाटलेलं, मिकच्या घरातही तेच. त्यात यू मेक लव्हिंग फन हे क्रिस्टीनने दुसऱ्या माणसावर लिहिलेलं गाणं आणि त्यावर बेस कोण वाजवतोय तर तिचा आधीचा नवरा. ते गाणं फक्त बेस धरून ऐक एकदा. एकही सूर रागाने मारलेला नाही. गाण्याला जेवढं उचलायला हवं तेवढं उचललंय त्याने. मला बँड म्हणजे हेच वाटतं, आपलं जे काय जळतंय ते बाजूला ठेवून समोरच्याचं गाणं चांगलं करायचं.

टस्कमध्ये ते नाही. वीस गाण्यांत लिंडसीची नऊ, क्रिस्टीनची सहा, स्टीव्हीची पाच, म्हणजे एका कव्हरात तीन वेगळे अल्बम झाले. लिंडसीने कितीतरी गोष्टी घरी एकट्याने रेकॉर्ड केल्या, ड्रमऐवजी टिश्यूपेपरच्या खोक्यावर ठोकलं. आणि टस्क या गाण्याचा तो व्हिडिओ बघ, डॉजर स्टेडियममध्ये कॉलेजचा शंभरावर लोकांचा मार्चिंग बँड आलाय आणि जॉनच्या जागी त्याचा पुठ्ठ्याचा कटआउट फिरवतायत कारण तो तिथे नव्हताच!

कोरा_कागद:
रूमर्स म्हणणार होते पण नाही म्हणणार, कारण त्यावर सिल्व्हर स्प्रिंग्ज नाही. स्टीव्हीचं इतकं मोठं गाणं, लांब आहे, एलपीवर बसत नाही म्हणून काढलं आणि गो युअर ओन वेच्या सिंगल रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकून दिलं. तिचं गाणं, आणि ते कुठे, तर ज्या गाण्यात लिंडसीने तिच्यावर आरोप केलेत त्याच्याच पाठीवर. ह्याचं मला अजूनही वाईट वाटतं. १९९७ चं द डान्समधलं लाइव्ह बघा, शेवटी ती वळून सरळ त्याच्याकडे बघून गाते आणि तो पण नजर काढत नाही. वीस वर्षं थांबलेलं गाणं असं बाहेर येतं. माझ्यासाठी बेस्ट अल्बम द डान्स. लाइव्ह चालत नाही असं प्रश्नात कुठे लिहिलेलं नाही.

अल्बट्रॉस_६८:
नमस्कार. तुमची सगळ्यांची गाडी १९७५ च्या पुढेच फिरतेय म्हणून लिहितोय. हा बँड त्याच्या आठ वर्षं आधी लंडनमध्ये पीटर ग्रीनने उभा केला. नाव मिक आणि जॉनचं दिलं, स्वतःचं नाही, आणि जॉन तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता, तो यावा म्हणून आधीच नावात घेऊन ठेवला. असा माणूस.

माझा अल्बम देन प्ले ऑन, १९६९. ग्रीनचा या बँडबरोबरचा शेवटचा. त्याची गिटार ऐकताना मला नेहमी त्याने न वाजवलेल्या जागा जास्त ऐकू येतात. एक सूर लावतो, तो पूर्ण विझेपर्यंत थांबतो, मग दुसरा. सोबत डॅनी कर्वान, अगदी पोरगेला, अठराव्या वर्षी बँडमध्ये आला होता, त्याची गिटार थरथरते आणि ग्रीनची स्थिर, दोन्ही शेजारी शेजारी ऐका. १९७० मध्ये ग्रीन सोडून गेला, तब्येत ढासळली, पुढे फार सोसलं त्याने. २०२० मध्ये गेला. रूमर्स चांगलाच आहे, मी स्वतः ऐकतो, पण लोक जेव्हा म्हणतात की बँड खरा सुरू झाला स्टीव्ही आणि लिंडसी आल्यावर तेव्हा मला तुटल्यासारखं होतं.

चांदण्याचा_चुरा:
टँगो इन द नाइटचं नाव कुणीच घेतलं नाही??

मी ह्याच अल्बममुळे ह्यांच्यापर्यंत आले. १९८७ चा आहे आणि त्या काळातला सिंथ-बिंथ सगळा आहे त्यात, मान्य, पण एव्हरीव्हेअरची सुरुवात लागली की आजही माझे खांदे खाली येतात, दिवसभराचं सगळं उतरतं. क्रिस्टीन किती कमी शब्दांत लिहायची! लिटल लाइज घ्या, मिस्टिफाइड घ्या, कुठेही ओढाताण नाही, बोलल्यासारखं गाते आणि तरी आत घुसतं. ती २०२२ मध्ये गेली तेव्हा मी आठवडाभर हाच अल्बम ऐकत होते.

आणि जे म्हणतात की हा नुसता गुळगुळीत आहे त्यांनी बिग लव्ह हेडफोनवर ऐका. त्यातले ते बाई आणि पुरुषाचे हुंकार, कित्येक वर्षं लोकांना वाटायचं स्टीव्ही आहे, पण दोन्ही आवाज लिंडसीचेच, टेपचा वेग बदलून केलेले. म्हणजे प्रेमाचं गाणं आणि त्यात माणूस स्वतःशीच बोलतोय. मला ते कळलं त्या दिवशी गाणं पूर्ण बदललं. स्टीव्ही तर रेकॉर्डिंगला फार थोडे दिवस होती, तरी तिचे जे तुकडे मिळाले त्यातून त्याने तिचा आवाज असा विणलाय की ती सगळीकडे आहे असं वाटतं. बेसची_तार, तुम्ही म्हणताय ना समोरच्याचं गाणं चांगलं करायचं, तर हे त्यातच मोडतं की. टूरच्या आधी तो बँड सोडून गेला ते वेगळं.

बेसची_तार:
चांदण्याचा_चुरा, हो, हे मी असं बघितलं नव्हतं. पण मला टँगोमध्ये मिक आणि जॉन ऐकू येत नाहीत, सगळं इतकं चकाचक घासलंय की माणसांचे हात दिसत नाहीत. ते दोघं म्हणजे या बँडचा पाया, पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकलेले तेवढेच. गाणी छानच आहेत, त्याबद्दल वाद नाही.

रात्रीचा_रेडिओ, तुला एक सुचवतो. टस्क सलग ऐकू नको. तो दोन एलपींचा अल्बम, चार बाजू, प्रत्येकीवर पाच गाणी. एक बाजू ऐक आणि थांब, उठ, पाणी पी, वाटलं तर दुसरी दुसऱ्या दिवशी. आणि सारा हे गाणं तुझ्याकडे कुठलं आहे ते तपास, सुरुवातीला जी सीडी निघाली त्यावर जागा पुरावी म्हणून गाणं कापलं होतं, पूर्ण गाणं सहा मिनिटांच्या वर आहे. कापलेलं ऐकत असशील तर पहिली बाजू संपल्यासारखी वाटणारच नाही.

अल्बट्रॉस_६८:
बाजू पाडून ऐकणार असाल तर तिसऱ्या बाजूवर ब्राउन आइज नावाचं क्रिस्टीनचं गाणं आहे, त्याच्या शेवटाकडे लक्ष द्या. कव्हरवर नाव नाही, पण ती गिटार पीटर ग्रीनची आहे.

रात्रीचा_रेडिओ:
चार दिवस लागले पण केलं. रोज एक बाजू. (माझ्याकडे साराचं कापलेलंच होतं! पूर्ण शोधून लावलं. शेवटी आवाज एकमेकांवर चढत जातात आणि संपायचं नावच घेत नाहीत, ते सगळं मला माहीतच नव्हतं.)

आधी बेसची_तार ना उत्तर. तीन अल्बम एका कव्हरात हे बरोबर आहे, बाजू पाडून ऐकल्यावर तर जास्तच जाणवलं. लिंडसी आरडाओरडा करतो, मग स्टीव्ही येते आणि हळू आवाजात काहीतरी कबूल करते, मग परत तो. दुसऱ्या बाजूला व्हॉट मेक्स यू थिंक यू आर द वन संपतं, त्यात मिकचे ड्रम नुसते घण घातल्यासारखे, आणि लगेच स्टॉर्म्स लागतं. रूमर्सवर हे दोघं एकमेकांच्या गाण्यात गात होते, इथे एकमेकांच्या पाठोपाठ गातायत, मध्ये दोन सेकंदांची शांतता. मला त्या शांततेत जास्त ऐकू येतं. घरात दोन माणसं एकमेकांशी बोलायची थांबली की तिसऱ्याला जसं ऐकू येतं तसं. मी अशा घरात वाढलोय, म्हणून असेल कदाचित.

आणि मिक तर सगळ्यात आहेच. लिंडसीच्या गाण्यांतही बाकीची माणसं नाहीतच असं नाही.

अल्बट्रॉस_६८ काका, ब्राउन आइज. मी ते गाणं किमान दहा वेळा ऐकलं असेल आणि शेवटची गिटार लिंडसीची समजत होतो. काल तुमचं वाचून लावलं. क्रिस्टीनचं गाणं संपत आलंय, आवाज मागे मागे जातोय आणि तिथे ती गिटार येते, जेमतेम काही सूर, तुम्ही म्हणालात तसं एक सूर विझेपर्यंत थांबून, आणि नीट ऐकू यायला लागते तोवर गाणंच फेड होतं. मी आवाज पूर्ण वाढवून शेवटचे सेकंद चार वेळा ऐकले. त्यानंतर तसाच देन प्ले ऑन लावला, पहाटे तीनपर्यंत जागा होतो.

अल्बट्रॉस_६८:
वाचून बरं वाटलं. क्लोजिंग माय आइज लागलं का? ते शांत आहे म्हणून बरेच जण पुढे ढकलतात. ते परत ऐका, आणि ऐकून झालं की लगेच ब्राउन आइजचा शेवट लावा.

कोरा_कागद:
मी आत्ता लावलं दोन्ही. बाप रे.

बेसची_तार:
माझं मत रूमर्सच, ते हलणार नाही. पण आज रात्री टस्कची तिसरी बाजू लावतोय, बेस सोडून फक्त ती गिटार ऐकायला.