प्रतिसाद: जुन्या घराचे कागद

वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतला वर्णभेद हा आता इतिहास झाला, नव्या पिढीला त्याचं काही पडलेलं नाही. अर्धं पटतं. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत १९५८ साली जेमतेम ४ टक्के लोकांची मान्यता होती, २०२१ मध्ये ती ९४ टक्क्यांवर गेली, हा बदल खोटा कसा म्हणणार? पण लग्नाचं मत बदलतं तसं घराचं बदलत नाही, कारण त्यात पैसा अडकलेला असतो.

आम्ही सिअ‍ॅटलजवळ जुनं घर घेतलं तेव्हा कागदांच्या गठ्ठ्यात एक टाईप केलेली अट निघाली, की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचं नाही, घरकामाचे नोकर सोडून! म्हणजे मी तिथे भांडी घासायला चाललो असतो. एजंट हसून म्हणाला, सोडा हो, याला आता काही अर्थ नाही. ते खरंच आहे, १९४८ ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कोर्टं अशा अटी अमलात आणू शकत नाहीत आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने त्या बेकायदाच झाल्या. पण तोवर ज्यांना घर घेता आलं त्यांच्या नातवंडांच्या कॉलेजची फी त्याच घराच्या वाढलेल्या किमतीतून निघाली, ज्यांना नाही आलं ते भाडं भरत राहिले. आणि आपली मंडळी घर बघताना 'एरिया कसा आहे' असं आवाज खाली आणून विचारतात तेव्हा नक्की काय विचारत असतात, ते सगळ्यांनाच माहितीये.